हिरड्यांचे आजार रोखण्यासाठी घरची निगा: पायऱ्या, क्रम आणि नेहमीच्या चुका

दिवसातून दोनदा ब्रश करणाऱ्या, महागडी पेस्ट वापरणाऱ्या आणि गोड फारसे न खाणाऱ्या माणसांच्याही हिरड्यांतून रक्त येते. मग पेस्ट बदलली जाते, ब्रश बदलला जातो, कोणीतरी सुचवलेले दंतमंजन आणले जाते, तरी फरक पडत नाही. बहुतेक वेळा दोष साहित्याचा नसतो. दात घासले जातात, पण दात आणि हिरडी जिथे मिळतात ती कड घासलीच जात नाही. आजार मात्र त्याच कडेला सुरू होतो.

त्या कडेशी एक बारीक खाच असते. निरोगी तोंडात ती साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल असते. दात स्वच्छ केल्यावर काही तासांतच तिच्यात आणि तिच्या वर जिवाणूंचा एक चिकट, पांढुरका थर जमू लागतो. हा थर मऊ असेपर्यंत ब्रशने निघतो. तसाच राहिला, तर लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात साचून काही दिवसांतच त्याचे दगडासारखे कठीण कीटण होते. कीटण ब्रशने निघत नाही. थरामुळे हिरडी सुजते, लाल होते, रक्त येते. ही पहिली अवस्था पूर्णपणे बरी होऊ शकते. पुढे दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागले, खाच ४ मिलिमीटर किंवा त्याहून खोल झाली, म्हणजे ज्याला आपण पायोरिया म्हणतो ती अवस्था आली. त्या वेळी आजार थांबवता येतो, पण गेलेले हाड बहुतांशी परत येत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या पहिल्या अवस्थेतून दुसरीत जाऊ नये यासाठी आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

टप्पा १: ब्रश हातात घेण्याआधी आरशासमोर पाहणी

सकाळच्या उजेडात किंवा मोबाइलच्या टॉर्चच्या प्रकाशात आरशासमोर उभे राहावे आणि बोटाने ओठ बाजूला करून हिरड्यांची कड पाहावी. रंगावरून लगेच निष्कर्ष काढू नये. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्यांवर जन्मतःच काळसर किंवा तपकिरी छटा असते आणि ती आजाराची खूण नाही. पाहायचे ते आकाराकडे. निरोगी हिरडीची कड पातळ आणि दाताला घट्ट चिकटलेली असते, आणि दोन दातांमध्ये ती अणकुचीदार त्रिकोणासारखी भरलेली असते. सुजलेली हिरडी जाड आणि गोलसर दिसते, तिच्यावर चकाकी येते, आणि दोन दातांमधला त्रिकोण फुगून बोथट होतो.

त्यानंतर जीभ खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूवरून फिरवावी. तिथे खरखरीत, खडबडीत किंवा पायरीसारखे काही लागले, तर ते बहुधा कीटण असते. कीटण सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त साचते ते याच जागी, आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या नळ्या नेमक्या तिथे उघडतात, त्यामुळे खनिजांचा पुरवठा तिथे भरपूर असतो. नेमकी हीच दोन ठिकाणे ब्रश करताना बहुतेकांकडून चुकतात, हा योगायोग दातांना फार महागात पडतो.

पाहणीत पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोणत्या बाजूने रक्त येते, अन्न कोणत्या फटीत अडकते, एखादा दात पूर्वीपेक्षा लांब दिसतो का, आणि बोटाने हलवला असता हलतो का. शक्य असल्यास मोबाइलने फोटो काढून ठेवावा, कारण दोन आठवड्यांनंतर तुलना करायची आहे.

सावधगिरी: तंबाखू किंवा सिगारेट वापरणाऱ्यांनी ‘रक्त येत नाही, म्हणजे हिरड्या ठीक आहेत’ असे मानू नये. निकोटीनमुळे हिरड्यांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे आत हाड झिजत असतानाही रक्त कमी दिसते.

टप्पा २: कीटण असेल तर आधी ते काढून घेणे

इथे क्रम सर्वाधिक चुकतो. कीटण साचलेले असताना नवा ब्रश, नवी पेस्ट आणि मिठाच्या गुळण्या सुरू केल्या जातात. कीटणाच्या खडबडीत पृष्ठभागावर जिवाणूंचा थर पुन्हा पुन्हा चिकटतो, आणि त्या खालची हिरडी कितीही घासली तरी सुजलेलीच राहते. म्हणून पाहणीत कीटण आढळले, किंवा दंतवैद्याकडे जाऊन वर्ष उलटून गेले असेल, तर आधी स्केलिंग, म्हणजे यंत्राने कीटण काढणे, करून घ्यावे आणि मग घरची निगा सुरू करावी. कीटण नसेल तर हा टप्पा सोडून पुढे जावे.

स्केलिंगविषयी दोन गैरसमज घट्ट रुजले आहेत. पहिला, त्याने दात सैल होतात. वस्तुस्थिती अशी की हाड आधीच झिजलेले असते आणि कीटणाचा जाड थर दातांना आधार दिल्यासारखा भासत असतो. तो निघाल्यावर दात मुळातच किती हलतो ते जाणवते. दुसरा, त्याने दातांमध्ये फटी पडतात. फटी आधीपासूनच असतात. त्या कीटणाने आणि सुजलेल्या हिरडीने बुजलेल्या असतात, आणि सूज उतरल्यावर दिसू लागतात. काही दिवस थंड पाणी लागते, दात शिवशिवतात. हे बहुधा एक-दोन आठवड्यांत कमी होते, आणि तोवर दात संवेदनशील असणाऱ्यांसाठीची पेस्ट वापरता येते.

दंतवैद्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘माझ्या हिरड्यांच्या खाचेची खोली मोजली का, आणि ४ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त खोली कुठे आहे?’ बारीक खुणा असलेल्या सळईने ही मोजणी काही मिनिटांत होते. ज्या ठिकाणी खोली जास्त असेल, तिथे वरवरचे स्केलिंग पुरत नाही. मुळांची खोलवर सफाई करावी लागते, ती बहुधा भूल देऊन आणि एकाहून अधिक भेटींत होते. खासगी दवाखान्याचा खर्च जड वाटत असेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईतील नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आणि बांबोळी येथील गोवा दंत महाविद्यालय हे पर्याय आहेत. तिथे कमी शुल्कात हे काम होते. वेळ मात्र हाताशी ठेवून जावे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा मधुमेह असेल, तर स्केलिंगच्या आधीच सांगावे. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

टप्पा ३: साहित्य

फार काही लागत नाही, पण जे लागते ते नीट निवडावे.

ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा असावा. ‘मध्यम’ किंवा ‘कडक’ ब्रश जास्त साफ करतो, ही समजूत चुकीची आहे. कडक केस खाचेत शिरत नाहीत. ते हिरडी मागे ढकलतात आणि मुळाशी दाताला खाचा पाडतात. केस बाहेर वाकले की, आणि तसे झाले नाही तरी सुमारे तीन महिन्यांनी, ब्रश बदलावा. महिनाभरातच केस पसरत असतील, तर दाब जास्त पडतो आहे असे समजावे. विजेवर चालणारा ब्रश चांगला पर्याय आहे, विशेषतः ज्यांचे हात थरथरतात किंवा सांधे दुखतात त्यांच्यासाठी, पण तो घेतल्याने फटींची सफाई टळत नाही.

पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. भारतात मिळणाऱ्या बहुतेक पेस्टमध्ये सुमारे १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) फ्लोराइड असते आणि रोजच्या वापराला ते पुरते. प्रौढांनी ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट घ्यावी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली लाट दिसते, तेवढी घेण्याची काहीच गरज नाही. ३ वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तर ३ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट द्यावी आणि ती थुंकायला शिकवावे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांच्या ज्या भागांत विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे मुले पेस्ट गिळणार नाहीत याकडे अधिक लक्ष द्यावे.

फटींसाठी दोन साधने आहेत. दात एकमेकांना चिकटलेले असतील तर डेंटल फ्लॉस, म्हणजे फटीतून फिरवायचा धागा, आणि फट दिसण्याइतकी मोकळी असेल तर दातांमधून फिरवायचा छोटा, तारेवर केस असलेला ब्रश, ज्याला दुकानात इंटरडेंटल ब्रश म्हणून मागावे. हा वेगवेगळ्या आकारांत येतो आणि एकाच तोंडात दोन आकार लागू शकतात. कोणता आकार हे पहिल्यांदा दंतवैद्याकडून ठरवून घेणे शहाणपणाचे आहे.

न घेण्याच्या वस्तूही सांगितल्या पाहिजेत. कोळशाची पूड, राखुंडी, विटेची पूड, खडे मीठ आणि काही भरड दंतमंजने यांनी दात घासल्यावर तोंड ‘स्वच्छ’ वाटते खरे, पण मुळाशी दात खरवडले जातात. ती झीज भरून येत नाही. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चावून मऊ केलेल्या टोकाने हळुवार वापरणाऱ्यांचे फारसे बिघडत नाही, परंतु काडीचे टोक मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला आणि फटींत पोहोचत नाही, त्यामुळे तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही.

टप्पा ४: रात्री आधी फटी

फटींची सफाई दिवसातून एकदा, रात्री, आणि ब्रशच्या आधी करावी. आधी का, याचे एक व्यावहारिक कारण आहे. ब्रश झाल्यावर तोंड ताजेतवाने वाटते आणि फटींचे काम उद्यावर जाते. शिवाय फटी आधी मोकळ्या केल्या, तर सुटलेले कण ब्रशने आणि चुळीने निघून जातात, आणि पेस्टमधील फ्लोराइड तिथे पोहोचते.

फ्लॉस वापरताना:

१. साधारण ४५ सेंटिमीटर धागा तोडावा. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळून मध्ये २ ते ३ सेंटिमीटर मोकळा ठेवावा, आणि अंगठा व तर्जनी यांनी तो ताणून धरावा.

२. दोन दातांच्या चिकटलेल्या भागातून धागा खाली झटक्याने ढकलू नये. करवतीसारखा मागेपुढे हळूहळू करत तो पार न्यावा. झटका दिला की धागा हिरडीत रुततो, रक्त येते आणि मग ‘फ्लॉसने हिरड्या कापतात’ असे म्हणत माणूस ते कायमचे सोडून देतो.

३. पार गेल्यावर धागा एका दाताभोवती अर्धगोलात वळवावा आणि हिरडीच्या खाचेत जिथवर सहज जातो तिथवर सरकवावा. मग दातालाच चिकटून वरखाली पाच-सहा वेळा घासावा. लगेच बाहेर काढू नये. त्याच फटीत दुसऱ्या बाजूच्या दाताभोवती तो वळवून तीच क्रिया करावी. फट एक असली तरी तिला दातांच्या दोन भिंती असतात, आणि दुसरी भिंत जवळजवळ सगळे विसरतात.

४. पुढच्या फटीसाठी धाग्याचा नवा भाग घ्यावा. शेवटच्या दाढेच्या मागची बाजू सोडू नये. तिथे फट नसते, पण थर असतोच.

इंटरडेंटल ब्रश वापरताना तो सरळ आत घालावा आणि पूर्ण लांबीने मागेपुढे चार-पाच वेळा फिरवावा. आकार असा असावा की केस दोन्ही भिंतींना टेकतील, पण मधली तार दाताला घासणार नाही. अडत असेल तर जोर लावू नये, लहान आकार घ्यावा. त्यावर पेस्ट लावण्याची गरज नसते. वापरल्यावर धुऊन वाळवावा, आणि केस झडले किंवा तार वाकली की टाकून द्यावा.

दातांना तारा बसवल्या असतील किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने पक्के बसवलेले कृत्रिम दात) असेल, तर साधा फ्लॉस खालून जात नाही. त्यासाठी एक टोक ताठ असलेला फ्लॉस मिळतो. पाण्याच्या झोताचे यंत्र तारा आणि इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) असणाऱ्यांना उपयोगी पडते, पण दातांवर चिकटलेला थर केवळ पाण्याच्या झोताने पूर्ण निघत नाही, म्हणून ते जोडीला ठेवावे.

तपासणी: फटीतून काढलेला धागा किंवा ब्रश नाकाजवळ न्यावा. एखाद्या विशिष्ट फटीतून सतत दुर्गंधी येत असेल, तर तिथे थर साचतो आहे, खाच खोल आहे किंवा भरलेल्या दाताची कड सुटली आहे. ती जागा लिहून ठेवावी आणि दंतवैद्याला दाखवावी.

सावधगिरी: टाचणी, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी आणि सुया दातांच्या फटीत घालू नयेत. लग्नात जेवणानंतर बडीशेपेच्या वाटीत ठेवलेली लाकडी दातकोरणी अडकलेला कण काढायला एखाद वेळ ठीक आहेत, रोजच्या सफाईला नाहीत.

टप्पा ५: ब्रश हिरडीच्या कडेवर

आता मूळ मुद्दा. ब्रश दाताच्या मधोमध टेकवून आडवा मागेपुढे रगडणे, ही आपल्याकडची सर्वांत रूढ पद्धत आहे आणि सर्वांत चुकीचीही तीच आहे. तिने दाताचा फुगीर भाग चकाकतो, कडेचा थर तसाच राहतो, आणि सुळ्यांच्या मुळाशी खाचा पडतात. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांमध्ये या खाचा अनेकदा डाव्या बाजूला जास्त दिसतात, कारण तिथे हाताचा जोर अधिक लागतो.

योग्य पद्धत अशी:

१. ब्रश मुठीत न धरता लेखणीसारखा बोटांत धरावा. दाब आपोआप कमी होतो.

२. ब्रशचे केस दात आणि हिरडी यांच्या सीमेवर, साधारण ४५ अंशांत, हिरडीच्या दिशेने तिरके टेकवावेत. वरच्या दातांना केस वरच्या दिशेने, खालच्या दातांना खालच्या दिशेने. अर्धे केस हिरडीच्या कडेवर, अर्धे दातावर येतील असे पाहावे.

३. ब्रश न हलवता किंचित दाबावा, म्हणजे केसांची टोके खाचेत शिरतात. मग त्याच जागी, टोके न उचलता, अगदी छोट्या मागेपुढे हालचाली कराव्यात, दहाएक वेळा. ही हालचाल बाहेरून पाहणाऱ्याला जवळजवळ थरथर वाटली पाहिजे.

४. त्यानंतर ब्रश दाताच्या टोकाकडे फिरवत सुटलेला थर बाहेर आणावा. एका वेळी दोन-तीन दात घ्यावेत आणि मग पुढे सरकावे.

५. खालच्या आणि वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश आडवा मावत नाही. तिथे तो उभा धरून त्याच्या पुढच्या टोकाने प्रत्येक दाताच्या कडेवर थरथर करावी.

६. चावण्याच्या पृष्ठभागावर सर्वांत शेवटी साधी मागेपुढे हालचाल करावी. इथेच आडवे घासणे योग्य असते.

सुरुवात कुठून करायची, हाही प्रश्न आहे. ज्या जागी आपण नेहमी सुरुवात करतो, ती जागा सर्वांत स्वच्छ असते, आणि शेवटी कंटाळलेल्या हाताने जी उरते ती सर्वांत घाण. म्हणून खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने सुरुवात करावी, मग खालची आतली बाजू पूर्ण, नंतर वरची आतली, आणि गालाकडच्या बाजू अखेरीला, कारण त्या सहसा चुकत नाहीत. अपवाद वरच्या शेवटच्या दाढांचा. तिथे तोंड पूर्ण उघडले तर गाल ताणून जागा उरत नाही. तोंड अर्धवट मिटून जबडा त्याच बाजूला थोडा सरकवला की ब्रशला वाट मिळते. ही एवढीशी युक्ती कीटणाच्या एका नेहमीच्या जागेचा बंदोबस्त करते.

एकूण वेळ दोन मिनिटे, म्हणजे तोंडाच्या प्रत्येक चतुर्थांशाला अर्धा मिनिट. पहिले काही दिवस घड्याळ समोर ठेवावे. बहुतेकांचा अंदाज दोन मिनिटांचा असतो आणि प्रत्यक्षात ब्रश एका मिनिटाच्या आतच धुतला जातो.

वेळा दोन: सकाळी आणि झोपण्यापूर्वी. यांपैकी एकच जमत असेल तर रात्रीची वेळ सोडू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि थराला रान मोकळे मिळते. लिंबू किंवा कोकम सरबत, चिंचेचे पाणी, शीतपेय असे आंबट काही घेतल्यावर लगेच ब्रश करू नये. पाण्याने चूळ भरून अर्धा तास थांबावे.

तपासणी: आठवड्यातून एकदा थर रंगवून दाखवणारी गोळी वापरता येते. ती चावून थुंकल्यावर थर राहिलेल्या जागा गडद दिसतात. गोळी न मिळाल्यास खाण्याचा रंग पाण्यात कालवून तो कापसाने लावला तरी काम भागते. ब्रश झाल्यानंतर ही तपासणी केली की कोणाला कुठे चूक होते ते डोळ्यांना दिसते. मुलांना तर यात मजाच वाटते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा ब्रश आईवडिलांनी स्वतः फिरवावा. मुले ब्रश चघळतात आणि आपण दात घासले असे सांगतात.

टप्पा ६: जीभ, थुंकणे आणि चूळ

जिभेवरील थर टंग क्लीनरने मागून पुढे हळूच दोन-तीनदा काढावा. रक्त निघेपर्यंत किंवा ओकारी येईपर्यंत खरवडण्याची आपल्याकडे फार हौस आहे, तिची गरज नाही.

पेस्ट थुंकून टाकल्यावर भरपूर पाण्याने खळखळून चुळा भरू नयेत. त्याने फ्लोराइड वाहून जाते. फक्त थुंकावे किंवा घोटभर पाण्याने एक चूळ भरावी.

माउथवॉश हा ब्रशचा पर्याय नाही. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे ०.२ टक्के द्रावण दंतवैद्याने सांगितल्यास १० मिलिलिटर, एक मिनिट, दिवसातून दोनदा, आणि सहसा दोन आठवड्यांपलीकडे नाही. जास्त दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. पेस्टनंतर ते लगेच वापरू नये, अर्धा तास जाऊ द्यावा, कारण पेस्टमधील फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचा परिणाम कमी होतो. मिठाच्या कोमट पाण्याने सूज असताना आराम पडतो, एवढेच. लवंगेचे तेल हिरडीवर थेट चोळू नये, भाजते.

टप्पा ७: रक्त येताना थांबायचे नाही

नवी पद्धत सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत सुजलेल्या हिरडीतून रक्त येते, कधी पूर्वीपेक्षा जास्त. इथे बहुसंख्य माणसे तिथला ब्रश हळू करतात किंवा ती बाजू सोडून देतात, आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. रक्त येते ते थरामुळे सुजलेल्या हिरडीतून. मऊ ब्रश योग्य कोनात असेल, तर त्या जागी अधिक नेमाने सफाई करणे हाच उपाय आहे.

किती दिवस वाट पाहायची, याचे उत्तर नेमके देता येते. १९६५ साली डेन्मार्कमधील आर्हूस येथे निरोगी हिरड्यांच्या माणसांनी ब्रश करणे थांबवले, तेव्हा १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणून दोन आठवडे रोज, न चुकता हा क्रम पाळावा आणि मग टप्पा १ मध्ये काढलेल्या फोटोशी तुलना करावी. रक्त स्पष्टपणे कमी झाले नसेल, तर खाच खोल आहे, कीटण खाली शिल्लक आहे किंवा शरीरातच काही कारण आहे. अशा वेळी घरचे प्रयोग लांबवू नयेत.

टप्पा ८: घरच्या सफाईवर पाणी फिरवणाऱ्या गोष्टी

मशेरी पहिली. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात अनेक घरांतील बायका भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना आणि हिरड्यांना लावतात, काही मिनिटे तशीच ठेवतात, आणि त्याला दात घासणे म्हणतात. ती तंबाखूच आहे, तिचे व्यसन लागते, आणि ती जिथे लावली जाते तिथली हिरडी खाली सरकते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर १९९२ पासून कायद्याने बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजली जाणारी मशेरी त्या कायद्याच्या हाती लागत नाही. सकाळी शौचाला होत नाही म्हणून ती घेणाऱ्यांनी बद्धकोष्ठावर वेगळा उपचार घ्यावा. तंबाखू, गुटखा किंवा मशेरी सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क मदत क्रमांक आहे. घरातील सासूबाईंना किंवा आईला ‘हे वाईट आहे’ असे रोज सुनावण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसून तो क्रमांक लावून देणे अधिक उपयोगाचे ठरते.

सुपारी खाणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी: तोंड उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत मावतात का? मावत नसतील, किंवा तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर लगेच दंतवैद्याकडे जावे, कारण सुपारीने तोंडाची त्वचा ताठ होत जाते आणि पुढे तिथे कर्करोगाचा धोका असतो.

मधुमेह आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा संसर्ग लवकर पसरतो आणि जखम उशिरा भरते. हिरड्यांचा दाह वाढला की साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. हिरड्यांवर नीट उपचार झाल्यास तीन महिन्यांची सरासरी साखरही थोडी खाली येते. घरात मधुमेहाची परंपरा असेल आणि कारण नसताना हिरड्या वारंवार सुजत असतील, तर साखर तपासून घ्यावी.

रक्तदाबाची अॅम्लोडिपिन किंवा निफेडिपिन, फिट्सवरची फेनिटॉइन आणि अवयव प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन या औषधांमुळे काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. थर कमी ठेवला तर हे बरेच आटोक्यात राहते. औषध बदलायचे की नाही, हे ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

गर्भारपणात संप्रेरकांमुळे तेवढ्याच थराला हिरड्या अधिक सुजतात. ‘या दिवसांत दातांना हात लावू नये’ हा जुना सल्ला पाळू नये. स्केलिंग सुरक्षित आहे, आणि चौथा ते सहावा महिना त्यासाठी सर्वांत सोयीचा. उलटी झाल्यावर मात्र लगेच ब्रश न करता आधी पाण्याने चूळ भरावी.

टप्पा ९: पुन्हा कधी जायचे

हिरड्या निरोगी असतील तर सहा महिने ते वर्षातून एकदा तपासणी पुरते. पायोरियावर उपचार झाले असतील तर दर तीन ते चार महिन्यांनी जावे लागते, आणि ‘आता दुखत नाही’ म्हणून हा फेरा चुकवू नये. हिरड्यांचा आजार बराचसा न दुखता वाढतो. प्रत्येक भेटीत खोलीची मोजणी पुन्हा करून घ्यावी आणि मागच्या आकड्यांशी ताडून पाहावी. ते आकडे कागदावर मागून घेण्याचा रुग्णाला अधिकार आहे.

पुढील गोष्टींसाठी ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये: हिरडीतून पू येणे, दात अचानक हलू लागणे, गाल किंवा हिरडी सुजून ताप येणे, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण किंवा लाल-पांढरा चट्टा, आणि हिरड्यांबरोबरच नाकातून रक्त येणे किंवा अंगावर विनाकारण निळे डाग उठणे. शेवटच्या लक्षणासाठी दंतवैद्याआधी फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन रक्ताची तपासणी करून घ्यावी. आणि सूज चेहऱ्यावरून मानेकडे उतरत असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर दवाखान्याची वेळ न पाहता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.